खाडीवरच्या लेकीची ओटी

पारनेर, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. सृष्टी हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ज्वारी हुरड्यात आली आहे. शेळीला दोन करडं झाली. गुडघा दुखतो, पण घरात दुसरं कोणी नसलं की तोही सोबत करतो.

फोनवर तू म्हणतेस ‘मजेत’, मीही म्हणतो ‘मजेत’. तिथंच बोलणं संपतं. म्हणून कागद घेतला.

जावईबापूंनी परवा सगळं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. खाडीतले मासे कापून तपासायला पाठवायचे, त्यात पारा किती ते बघायचं, एवढंच तुझं काम असं मी समजत होतो. मोठा मासा लहानांना खातो, म्हणून त्याच्यात पारा जास्त साठतो; पोटुशीनं तो खाऊ नये, हे तू कोळीवाड्यात सांगितलंस आणि मासळीचं गिऱ्हाईक तुटलं. घरमालकीण बनुबाई स्वतः मासळी विकणारी; तुला लेकीसारखं जेवू घालायची, सातव्या महिन्यात तुझी ओटी भरणार होती. आता समोरून गेली तरी बोलत नाही म्हणे.

बाळ, तिचाही राग खोटा नाही. पोटावर पाय पडला की माणूस ओरडणारच. पण तुझं सांगणं मागं घेऊ नकोस. तिच्याही घरी सुना आहेत.

आता माझं. ओटीचा विषय निघाला की मी शेळ्यांचं बोलणं काढायचो. बनुबाई भरतेय म्हटल्यावर तर सुटलो असंच वाटलं. तुझी आई गेल्यापासून घरात बाईमाणूस नाही; लेकीला कुठल्या तोंडानं बोलवायचं?

काल शेजारच्या राहीबाईला विचारलं. ती कपाळाला हात लावून हसली. “आरं सहादेवा, मी कुंकू पुसलेली, तुझी बायको गेलेली. दोघं मिळून एक सवाशीन व्हतोय व्हय?”

म्हटलं, “न्हाई व्हत. पर पोरगी तिकडं एकटी पडलीय.”

तिनं सूप पुढं ओढलं. मग म्हणाली, “तांदूळ मी निवडते. खण तू आण. हिरवा आण, आन् दुकानदाराशी घासाघीस करत बसू नको.”

खण आणलाय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

महिना सरायच्या आत ये. आम्हा दोघांच्या हातची ओटी चालत असेल तर ये. चालत नसेल, तरी ये.

तुझा एकटा बाप,
दादा