दूध आटलं नव्हतं

मंगळवार, संध्याकाळ

आज शेवटी डॉक्टरांना खरं सांगितलं. बाळ रडतं तेव्हा मला काहीच वाटत नाही, उलट घर सोडून जावंसं वाटतं. त्या म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होणारा आजार आहे हा. बरा होतो." एवढंच? मग इतके महिने मी स्वतःला वाईट आई का म्हणत बसले?

नालासोपाऱ्याला परतताना रिक्षात सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन तोंड फिरवून बाहेर बघत होत्या. वाटलं, रागावल्या. मग बाळाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला मी वर्षभर आगाशीला आईकडे ठेवलेलं. दूध आटलं म्हणून सांगितलं सगळ्यांना. आटलं नव्हतं गं. त्याला हातात घ्यायचीच भीती वाटायची."

"कोणाला बोलला नाहीत?"

"काय बोलणार? याला आजार म्हणतात, हे आज कळलं."

आणि रिक्षातच रडू लागल्या. बाळ मी माझ्याकडे घेतलं.