पुष्पांजली ॲक्वामधलं चाकवालं जनावर

जळगाव जामोद

श्री. शालिग्राम गुरुजी यांस,

पुंजाजीचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? दुसरबीडला तुमचं ठीकच चाललं असणार. माझं विचाराल तर तोंडाची चव गेली आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. (जावयाने बायकोच्या थोरल्या भावाला असं लिहू नये, हे मला कळतं. पण तुम्ही मास्तर होता, उलट उत्तरं ऐकायची तुम्हाला सवय आहे.)

आमची पुष्पांजली बी.एस्सी. झाली तेव्हा मी म्हणत होतो, बी.एड. करू द्या. तुम्हीच तोंडात पेढा ठेवून म्हणालात, 'दाजी, तिले गोड्या पाण्याचं शास्त्र शिकू द्या, पुढचा जमाना पाण्याचा हाय.' मला ते पटलं, कारण आपला धंदाच पाण्याचा. या खारपाणपट्ट्यात कुठेही बोअर मारा, खारंच लागतं, म्हणून तर मी पाणी गोडं करायचं मशीन बसवलं, जार भरून घरोघरी द्यायला लागलो आणि धंद्याला पोरीचंच नाव दिलं, 'पुष्पांजली ॲक्वा'. ती एम.एस्सी. होईल, मशीन सांभाळेल, मी पंख्याखाली बसेन, असा माझा बेत. पण गुरुजी, त्या शास्त्रात मशीनचं नावसुद्धा नाही! नदी, नाले, तळी, धरणं आणि त्यातले किडे. मागच्या पावसाळ्यात तिने फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी नाल्यातल्या अळ्यांची बरणी आणून ठेवली, आणि मी जेवताना चष्मा लावत नाही. (नुसतं हुंगलं, खाल्लं नाही, एवढं वहिनींना सांगा. तुमची बहीण वेगळं सांगेल.)

हे शिकून पुढे नोकरी कोणती, असं विचारलं की ती पाढा म्हणून दाखवते: मत्स्यव्यवसाय खातं, पाणी तपासायच्या प्रयोगशाळा, प्रदूषण मंडळ, धरणांची पाहणी, नद्या सुधारणाऱ्या संस्था, नाहीतर पीएच.डी. करून कॉलेजात शिकवणं. मी सगळं मन लावून ऐकलं. एका शिकवण्याच्या नोकरीत तेवढे पाय कोरडे राहतील असं वाटलं, तर म्हणाली, विद्यार्थ्यांना तळ्यावर न्यावं लागतं. त्यात भोपाळकडच्या एका तलावावरच्या संशोधन केंद्राने तिला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी निवडलं. अर्ज गाडाभर आले होते, घेतली मोजकी पोरं, आणि त्यात आपली. मला आनंद झाला हे मी कोणाला दाखवलं नाही. (पेढे वाटले, पण ते मशीनच्या वाढदिवसाचे म्हणून.) मी आता हो म्हणणार, एवढ्यात आमच्या शेजारच्या गोकुळच्या पोराचं लग्न आलं.

लग्नात पाणी आपलं होतं. मांडवाच्या कडेला निळे जार ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पोरीचं नाव, आणि मी नवा सदरा घालून उभा. गोकुळची बायको वंदना पोरीला म्हणाली, 'तू काय शिकून राह्यली वं?' पोरगी म्हणाली, 'गोड्या पाण्याचं शास्त्र, काकू.' 'म्हंजे आमच्या बोअरचं खारं पाणी गोडं करशीन?' तसं नाही, हे समजावून सांगायला पोरीने पर्समधून कागदाच्या घडीचा मायक्रोस्कोप काढला. (हल्ली पोरी पावडरच्या जागी हे ठेवतात.) आता मला सांगा, एवढ्या मोठ्या मांडवात तिला थेंब घ्यायला दुसरं काही मिळालं नाही? तिने आपल्याच जारच्या तळाचा थेंब घेतला. तळाला जरासं हिरवं होतं. जार उन्हात राहतात, होतं कधीमधी. वंदनाने डोळा लावला आणि आख्खा मांडव ऐकेल अशी ओरडली, 'अवं माय, हे त चालून राह्यलं! याच्या डोक्यावर चाकं हायत!'

मग काय विचारता. जेवणाची रांग मोडली आणि मायक्रोस्कोपची लागली. नवरदेवसुद्धा मुंडावळ्या वर करून पाहून गेला. पोरीला माझी दया आली असावी. ती भर मांडवात म्हणाली, 'हे जनावर गोड्या पाण्यातलंच हाय, काकू. म्हंजे बाबाचं पाणी गोडंच हाय.' पोरीने बापाची बाजू इतकी जीव लावून कधी घेतली नव्हती, आणि बापाचं इतकं वाटोळंही कधी झालं नव्हतं. माझं डोकं फिरलं. हातात अक्षता होत्या, त्या धरूनच मी गरजलो, 'हे पोरगी भोपाळले गेली, त मी पुंजाजी नाव लावणार नाही!'

पोरगी दुसऱ्या दिवशी प्लांटवर आली, जार घासले, सगळे सावलीत हलवले, टाकी धुतली आणि मलाही घासायला बसवलं. सुटलेली गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. आता फोनवर म्हणतात, 'पोरीनं पाह्यलेलं पाणी पाठवा.' म्हणजे ती गेली तर नाव जातं, धंदा बुडतो, आणि नाही गेली तर तिचं वर्ष जातं. तिचा चेहरा मला पाहवत नाही, गुरुजी. आणि तुमची बहीण तानू त्या लग्नापासून मला जेवताना बोअरचं खारं पाणी देते. घरात गोड्या पाण्याचे जार रचलेले, आणि मालक हे पितो.

असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
पुंजाजी (अजून तरी हेच नाव)

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही मला एक खरमरीत पत्र लिहा, की मामा या नात्याने तुमचा हुकूम आहे, पोरीला ताबडतोब पाठवा. मामाचा शब्द म्हटल्यावर मला मान खाली घालावीच लागेल, आणि शपथ तुमच्या माथी जाईल. कार्डावरच लिहा. पोस्टमन वाटेत सगळ्यांना वाचून दाखवतो. 'हेकट' लिहिलंत तरी चालेल, 'अडाणी'सुद्धा. जारांचा विषय मात्र काढू नका.

ता. क. दुसरं. मायक्रोस्कोप ती मला देऊन जाणार आहे, रोज पाणी पाहायला शिकवते आहे. काल मला ते चाकवालं जनावर दिसलं. सारखं फिरतं आणि सगळ्यांच्या कामात तोंड घालतं, म्हणून मी त्याचं नाव शालिग्राम ठेवलं. राग मानू नका.

ता. क. शेवटचं. कार्ड उशिरा आलं तरी चालेल, फक्त मागची तारीख टाका. गाडी परवाची आहे, तिकीट मीच काढलं. तिला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही आणले. सदऱ्याच्या खिशात तिकीट सापडल्यावर आज दुपारी तानूने न मागता जारचं पाणी दिलं. पोरगी समोरच बसून बूट घालून पाहत होती. पाणी गोडंच होतं, गुरुजी, पण मला खारटच लागलं.