तळहातावरची दवा

अब्बा, आज शुक्रवार, दुकान बंद आहे. नमाज पढून आलो आणि शटर अर्धं वर करून तुमच्या स्टुलावर बसलो. माझी मुलगी घरी आहे, तिला बरं वाटतंय. शुक्रवारी तिला नेहमीच बरं वाटतं, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. शेलूबाजारात आता जीपा कमी आणि ट्रॅक्टर जास्त येतात, पण डिझेल पंप खोलून नोझल साफ करून घ्यायला लोक अजून आपल्याकडेच येतात. बायोडिझेल मिसळलेलं तेल आल्यापासून कुरकुर वाढली आहे, थंडीत गाडी नुसती घरघरते म्हणतात. मग मीही पिंपातली दवा बाटल्यांत भरून देतो. इंजिनात डिझेलनं चटकन पेट घ्यावा म्हणून टाकायची तीच दवा, तोच पिकल्या फळासारखा गोडूस वास. तुम्ही नळी तोंडानं ओढून बाटल्या भरायचात, मग चार थेंब तळहातावर चोळून हुंगायचात आणि सांगायचात, माल असली आहे की कोणी रॉकेल कालवलंय. तुमचा हात कधी चुकला नाही. एकदा मी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तपासायला बसलो, तर तुम्ही ती गिऱ्हाइकासमोर ओढून काढलीत. म्हणालात, "पन्नी घालून काय समजते रे? हातालेच कळू दे." मला इतकी शरम वाटली की त्यानंतर मी कधी हात झाकला नाही.

शनिवारी दुकान उघडलं की दुपारपर्यंत तुमचं डोकं ठणकायला लागायचं. रुमाल करकचून बांधायचात. सोमवार-मंगळवारपर्यंत दुखणं आपोआप जायचं आणि पुढच्या शनिवारी परत हजर. अम्मी चष्म्याच्या मागे लागायची. तुम्ही म्हणायचात, उन्हानं होऊन राह्यलं. भर पावसाळ्यातही तेच म्हणायचात, आणि आम्ही हसायचो.

तो शेवटचा दिवसही शनिवारच. तुम्ही बाटल्या भरून स्टुलावरून उठता, अंधारी आल्यासारखा हात पुढे करता, आणि कपाळ बाकाच्या लोखंडी कडेवर आपटतं. मी येऊन तुमचा हात धरतो तेव्हा त्याला तोच गोडूस वास येत असतो. सगळे म्हणाले, हार्ट. मीही तेच मानलं.

गेल्या आठवड्यात नव्या पिंपाला इंग्रजी कागद दोऱ्यानं बांधलेला होता. असल्या कागदांना मी आजवर हात पुसत आलो. या वेळी का कोण जाणे, मोबाइलवर फोटो काढला आणि त्यानं मराठीत वाचून दाखवलं. ही दवा कातडीतून रक्तात उतरते. डोकं ठणकतं, रक्तदाब पडतो, माणूस उठता उठता कोसळू शकतो. मी पुढे विचारत गेलो. तीन-चार दिवसांत शरीर सरावतं म्हणे, मग दुखत नाही. सुट्टी पडली की पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलमधला बाईचा आवाज शांतपणे तुमचे शनिवार सांगत होता, अब्बा.

दोन वर्षांपासून मुलगी दुकानावर बसते. तिचा हात माझ्याहून पक्का आहे, तुमच्यावर गेलाय. सुरुवातीला तिनं रबरी हातमोजे आणले होते. ते मी ओढून काढले, तुमचंच वाक्य बोलून. गेल्या शनिवारी ती ओढणी कपाळाला बांधून बसली होती.

"अब्बा, डोकं लय ठणकून राह्यलं."

पिंपावरून सोडवून घेतलेला तो कागद माझ्या खिशात होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी म्हणालो, "उन्हानं होत असंन."

ती हसली आणि पुन्हा तळहातावर थेंब घेतले.

सांगितलं तर ती विचारेल, दादा, म्हणजे तुम्ही, कशानं गेले, आणि माझे हातमोजे कोणी काढले. पण खरं सांगू, तुम्हालाच सांगतोय म्हणून: एवढंच असतं तर सांगून टाकलं असतं. ती दुकान सोडून जाईल आणि असा हात मला परत मिळणार नाही, हेही मनात येतं.

हे सगळं मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंय. तिला द्यायचा तर ती दोन्ही बाजू वाचेल. घडी घालून परत खिशात ठेवतोय. उद्या शनिवार आहे.