खिडकी क्रमांक चार आणि माझे अठ्ठेचाळीस श्रेयांक

तीर्थरूप काकांना,

पुतणीचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण विद्यापीठाच्या बाकांवर बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेली असताना तुम्ही रोज गच्चीवर जाऊन टाकीत काठी बुडवून पाणी बघता, असं कानावर आलं. कुणाकडून ते विचारू नका. काकूंची तब्येत विचारत नाही, कारण सध्या ती मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अर्जात आधी मुद्दा लिहावा, रडगाणं नंतर, हे तुम्हीच शिकवलंत. चौतीस वर्षं विद्यापीठाच्या कचेरीत काढून सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं ऐकायला हवं. तर मुद्दा असा. मी एकोणीस वर्षं नगररचना कार्यालयात अनुरेखक आहे, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवते. स्वतःचा नकाशा काढायला आरेखक व्हावं लागतं आणि त्याला पदवी लागते. आमचे आरेखक पुढच्या वर्षाअखेर निवृत्त होताहेत. ती खुर्ची पुन्हा रिकामी होईल तेव्हा मीच निवृत्त झालेली असेन. दूरशिक्षणातून भूगोलाची दोन वर्षं मी पहिल्या वर्गात पार केली, अठ्ठेचाळीस श्रेयांक मिळवले, आणि संस्थेने तिसरं वर्षच बंद केलं. (सोबत उज्ज्वल भवितव्यासाठी छापील शुभेच्छा.) आता ते श्रेयांक विद्यापीठाने मान्य केले तर तिथे एका वर्षात पदवी. नाही केले तर चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्या वर्षापासून सुरुवात, माझ्या लेकीच्या वयाच्या मुलांशेजारी. तोवर खुर्चीत दुसरं कुणीतरी ऐसपैस बसलेलं असेल.

विद्यापीठाच्या दारात परिसराचा भला मोठा नकाशा लावला आहे. काका, तो मी गिरवलेला आहे. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आहेत. त्यात खिडकी क्रमांक चार नाही. तासभर हिंडल्यावर ती सायकलतळाच्या मागे सापडली, जिथे माझ्या नकाशात बाग आहे. खिडकीत जे गृहस्थ बसतात त्यांचं नाव मी उद्यावाले ठेवलं आहे. माणूस वाईट नाही. दोन चष्मे वापरतात, एक कागद बघायला आणि एक माणसाकडे बघायला, आणि दुसरा बहुधा घरी राहिलेला असतो. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवले आणि त्यांना असं आढळलं की त्यांच्याकडे ज्वालामुखी पहिल्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे दुसऱ्याला. म्हणजे पहिल्या वर्षी मी ज्वालामुखीशिवाय उत्तीर्ण झाले होते. हे कसं झालं याचा खुलासा त्यांनी लेखी मागितला. मी दिला. (खुलासा काकूंनी फोनवर सांगितला, प्रकरणाच्या क्रमासकट. दोन्ही वर्षं त्याच माझा अभ्यास घेत होत्या. यांना लाव्हाचे प्रकार इतके तोंडपाठ कसे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.)

मग अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर संस्थेचा शिक्का हवा झाला. पानं एकशे शहाऐंशी. संस्थेतला शिक्का ज्या बाईंच्या ताब्यात, त्या रजेवर, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. त्या परत आल्या तेव्हा शाई वाळलेली. शेवटी शाईची बाटली मी नेली, शिक्केही मीच मारले, त्या फक्त बघत होत्या. दोन दिवस भाकरी थापताना सुद्धा हात शिक्का मारल्यासारखा पडत होता. तो गठ्ठा घेऊन गेले तर उद्यावाल्यांनी शेवटचं पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, हे झालं, आता हजेरीचा दाखला आणा.

काका, दूरशिक्षणात हजेरी कुठून येणार? लांब राहून शिकायचं म्हणून तर त्याला दूरशिक्षण म्हणतात. पण नियम असा की दूरशिक्षणाच्या काळात विद्यार्थी पंचाहत्तर टक्के दिवस वर्गात हजर असला पाहिजे. मी इतकी वैतागले की घरी येऊन सगळ्यांवर डाफरले. सासूबाईंनी शांतपणे कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने दाखला लिहिला: सून दोन वर्षं रोज पहाटे पाच ते सात ओट्यापाशी पुस्तक घेऊन हजर होती, गैरहजेरी शून्य, या काळात दूध अकरा वेळा उतू गेलं, सबब दाखला खरा आहे. उद्यावाल्यांनी तो दोनदा वाचला. डोळे पुसले. आणि यावर लेटरहेड नाही म्हणून परत दिला.

तिथे माझा तोल गेला. खिडकीच्या कट्ट्यावर गठ्ठा आपटला आणि म्हटलं, हा नियम कुठल्या महाभागाने केला त्याचा मूळ कागद दाखवा, त्याशिवाय मी हलत नाही. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, “बाई, नियम म्हणजे नियम.” हे वाक्य मी लहानपणापासून तुमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकत आले आहे, त्यामुळे त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. पण मागच्या दप्तरखान्यातल्या बाई ऐकत होत्या. त्यांनी खुणेने आत बोलावलं, शिडी लावली आणि धुळीने माखलेली एक फाईल काढली. नियमाचा मूळ कागद तिच्यात होता. खाली सही होती. त्यावर मी फार बोलत नाही, कारण हात दुखतो आहे आणि तुमचा रक्तदाब मला माहीत आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. टाकीत पाणी आहे.

तुमची पुतणी,
अठ्ठेचाळीस श्रेयांकांची (तूर्तास बेवारस) धनीण

ता. क. सही तुमची आहे. एकतीस वर्षांपूर्वीची. वर तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे, ‘हा नियम तात्पुरता असून समितीचा निर्णय होईपर्यंत लागू राहील.’ समिती एकदाही बसली नाही. आता माझ्यासाठी शुक्रवारी बसते आहे. उद्यावाले म्हणतात, ज्यांनी नियम केला त्यांनीच तो तात्पुरता होता असं लिहून दिलं, तर श्रेयांक त्याच दिवशी मान्य होतील. मजकूर टाईप करून सोबत जोडला आहे. फक्त सही हवी. तुमच्या कारकिर्दीला यात कुठेही बोट लावलेलं नाही, दोनदा तपासलं आहे.

ता. क. दुसरा. फाईलमध्ये पहिलाच अर्ज होता तो काकूंचा. भूगोल, दूरशिक्षणाची दोन वर्षं, तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळावा ही विनंती. त्यावर तुमचा शेरा: ‘अर्जदार माझी पत्नी असल्याने मी निर्णय घेणे योग्य नाही. समिती बसेपर्यंत स्थगित.’ काका, ते वाचून मला तुमचा भयंकर राग आला. मग लक्षात आलं की तुम्ही एका शब्दानेही खोटं वागला नाहीत, आणि राग आणखी वाढला. काकू म्हणाल्या, अर्जाचं काय झालं असं दोन वर्षं त्या तुम्हाला विचारत होत्या, मग विचारायचं सोडून दिलं. अर्ज नाकारला गेला, असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

ता. क. तिसरा. दप्तरखान्यातल्या बाईंनी बारकाईने पाहिलं. काकूंचा अर्ज नाकारलेला नाही, अजून स्थगितच आहे, त्यामुळे शुक्रवारी तोही निघेल. म्हणून सोबत दोन कागद आहेत, एक माझा आणि एक त्यांचा. हे पत्र मी पोस्टाने पाठवलेलं नाही. ते ज्यांनी तुमच्या हातात दिलं, त्या समोरच बसल्या असतील. पेन त्यांच्याकडे आहे.