तांब्याचा मुखवटा आणि साखरेची पुडी

२८ डिसेंबर १९४४, गुरुवार

रद्दीचा गठ्ठा आला. लष्कराच्या छावणीतला, जाड कागद. लढाईमुळे पुड्या बांधायला धड वर्तमानपत्र मिळेना, त्यामुळे आमच्या किराणा दुकानात असा आनंद, जसं काही घरात बारसंच आहे! वसंतानं वरच्यावर हात घालून एक रंगीत पुस्तक ओढून काढलं. अमेरिकन. पानापानावर चौकोन, चौकोनात चित्रं, आणि माणसांच्या तोंडातून बोलणं फुग्यासारखं बाहेर येतंय.

वसंता माझा धाकटा दीर. रोज हुबळीहून आगगाडीनं धारवाडला कॉलेजात जातो. सध्या नाताळची सुट्टी, म्हणून दिवसभर माझ्या चुलीपाशी लुडबुड. घरात इंग्रजी त्याला एकट्याला येतं. त्यानं रोज दिवेलागणीनंतर थोडं थोडं वाचून मराठीत सांगायचं असं ठरलं. शेवट आधी बघायचा नाही हा त्याचाच नियम.

३० डिसेंबर

गोष्ट अशी. एका मोठ्या शहरात एक माणूस आहे, त्याच्या अंगात वीज. बोट लावलं की विझलेले दिवे लागतात. ह्यांनी त्याचं नाव वीजबुवा ठेवलंय. कपडे इतके घट्ट की आपल्यालाच लाज वाटावी. मी चित्राकडे तिरकंच पाहिलं — पण पाहिलं!

शहराचं पाणी कुणीतरी पळवतं आणि तहानलेल्या लोकांना चोरून विकतं. तोंडावर तांब्याचा मुखवटा. संशय तिघांवर. एक डॉक्टर, एक लंगडा घड्याळजी, आणि तिसरा नगराचा अध्यक्ष. चोर धरून देणाऱ्याला बक्षीस लावलंय ते ह्या अध्यक्षानंच.

हे एरवी जेवले की आडवे होतात. परवापासून मांडी घालून ऐकत बसतात. घड्याळजीच तो, म्हणाले. मी डॉक्टर म्हटलं. उगीचच, आपल्या डॉक्टरांच्या कडू औषधाचा राग असेल.

३१ डिसेंबर

शेवटचं पान नाही! वीजबुवानं मुखवट्याला हात घातला, आणि पुढे नुसती फाटलेली कड. वसंता कपाळाला हात लावून बसला. सकाळी पुस्तक दुकानात गादीवर ठेवून चहाला आत आला होता, तेवढ्यात पान पुडीला गेलं असणार.

नागोजीला विचारलं. नागोजी आमचा तोलारी, माल तोलून पुड्या बांधणारा, अळणावरकडचा, दुकानात दहा वर्षं. तो म्हणाला, रंगीत कागद मी लेकीसाठी बाजूला काढतो, तो कशाला फाडू? आता वसंता गिऱ्हाइकांना विचारत सुटलाय, आमच्या पुडीचा कागद परत आणाल का म्हणून. लोक हसतात. हे वैतागले. चित्रातल्या चोराची एवढी काळजी कशाला, म्हणाले, पुरे कर.

३ जानेवारी १९४५

कंट्रोलची साखर दुकानात नाही. लोक कार्ड घेऊन येतात आणि शिव्या घालून जातात. संक्रांत तोंडावर आलीय. वरूनच आली नाही, असं हे सगळ्यांना सांगतायत. माझ्याही डब्यात खडखडाट. चहात गूळ.

६ जानेवारी

वाईट दिवस. पुरवठ्याचे साहेब येऊन गेले. साखरेची पोती दुकानात पोचली होती म्हणे, आणि गोदामात एकही नाही. हे आधी चोपड्या उलटून बघू लागले. मग साहेबांसमोर म्हणाले, गोदामाची किल्ली नागोजीकडे असते. साखर वरून आलीच नाही असं तोच मला सांगत होता.

नागोजी डाळ तोलत होता. त्यानं पारडं खाली ठेवलं आणि ह्यांच्याकडे नुसता बघत राहिला. पोलीस घेऊन गेले त्याला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांचा माणूस, म्हणाले, पण काय करणार. मलाही रडू आलं. खाल्ल्या घरचे वासे मोजतो म्हणून नागोजीला मनातल्या मनात खूप बोलले.

९ जानेवारी

नागोजीची बायको, सोनाबाई, मागच्या दारी येऊन बसली. काही मागेना. मी चहा दिला, तो घेईना. शेवटी म्हणाली, "एन माडली, अक्का? आता मी काय करू? माझ्या घराला या, गाडगी-मडकी उपडी करून बघा. साखर घावली तर मला बी धरून न्या."

वीस तारखेला त्याला कोर्टापुढे उभं करणार. सहा महिने तरी आत, असं वसंता सांगतो. लढाईचे कायदे कडक आहेत. मी तिला म्हटलं, खरं काय ते बाहेर येईल. असं आपण सगळेच म्हणतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड बोलायला कुणाचं तोंड आहे!

१६ जानेवारी

रात्र फार झालीय. तरी लिहिते.

आज धारवाडला गेले, माझ्या मावसबहिणीकडे. सुमन तिथल्या केलगेरी भागात राहते. तिच्या शेजारी वकिलांकडे नव्या सुनेची पहिली संक्रांत. सुमन म्हणाली, मंगलाअक्का, चल की, तुलाही कुंकू लावतील. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

सून काळ्या चंद्रकळेत बसलेली, आणि अंगभर हलव्याचे दागिने. हार, बाजूबंद, बांगड्या, अगदी मंगळसूत्रसुद्धा! सगळा साखरेचा काटेरी हलवा, पांढराशुभ्र. जमलेल्या बायकांच्या घरी चहाला साखर नाही, आणि इथं पोरगी साखरेनं मढवलेली. सगळ्याजणींची नजर त्या हलव्यावर. वकिलीणबाई मात्र खुशीत, "बर्री, बर्री, आत या," करत फिरत होत्या.

मसाल्याचं दूध करायचं होतं. मी पदर खोचून मदतीला गेले. त्यांनी फळीवरून साखरेची पुडी काढून माझ्या हातात दिली. रंगीत कागद. वर वीजबुवा.

पान आमच्या पुस्तकातलंच, पण तेवढंच नाही. पुडी चौकोनी होती. नागोजी शंकूसारखी पुडी वळतो आणि दोरा गुंडाळतो, तशीच बाजारात सगळे बांधतात. चौकोनी, बिनदोऱ्याची, शेवटचं टोक अंगठ्याच्या नखानं आत दाबलेली पुडी आमच्या मामंजींनी ह्यांना शिकवली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यांनी ती मला शिकवली, हसत हसत, माझा अंगठा धरून. आता मामंजी नाहीत, तिसऱ्या कुणाला ती येत नाही. नागोजीला दहा वर्षांत जमली नाही.

साखर कुठून मिळते, मी विचारलं. हुबळीचे एक गृहस्थ स्वतः आणून देतात, वकिलीणबाई म्हणाल्या, फार सज्जन आहेत, कुठं बोलू नका हं. कागद मागून घेतला. चित्र छान आहे म्हटलं.

घरी आल्यावर कागद वसंतापुढे धरला. तो उडालाच! तिथंच उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागला. मुखवटा काढला तर आत नगराचा अध्यक्ष. बक्षीस लावणारा तोच. वसंता म्हणाला, वहिनी, तुमचे दोघांचे अंदाज चुकले की. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला, आणि पान कुठं मिळालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. तो कागदाच्या घड्या बघत बसला. जेवायला आला नाही.

१७ जानेवारी

दुपारी दुकानाची फळी लावून हे आत आले, तेव्हा तो कागद जुन्या घड्यांवर घडी घालून पाटासमोर ठेवला. त्यांनी ओळखला. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. शांतपणे भात कालवला.

म्हणाले, सगळे करतात. मी न केल्यानं लढाई थांबणार आहे का? वसंताचं कॉलेज कशावर चाललंय? नागोजी सुटून आला की त्याला पुन्हा ठेवू, तोवर सोनाबाईकडे ज्वारी पाठवू. सगळं योजलेलं होतं! मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं त्या दिवशी. ते म्हणाले, "ते खरं होतं."

ह्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. चित्रातला तो निदान तोंड झाकून तरी करत होता. मी म्हटलं, फौजदारांकडे जाऊन खरं सांगा, मी तुमच्याबरोबर येते. ते हात धुवायला उठले.

१८ जानेवारी

सोनाबाईकडे ज्वारी पाठवली ह्यांनी. तिनं पोतं आमच्या पायरीवर आणून ठेवलं आणि परत फिरली. वसंता म्हणतो, वहिनी, मी जातो फौजदारांकडे. तू नको, म्हटलं. भावानं भावाचं सांगितलं तर लोक म्हणतील दुकानासाठी केलं. ह्यांना पुन्हा विचारलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन्ही वेळा उठून दुकानात गेले. माणूस वाईट नाही हो! चौदा वर्षं मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण नागोजी आत बसलाय आणि उद्याचा एकच दिवस हातात आहे.

१९ जानेवारी

फौजदारांकडे जाऊन आले. कागद दिला, पुडी बांधून दाखवली. त्यांनी टाक पुढे केला आणि म्हणाले, बाई, नाव तोंडानं घ्यायला नको, लिहून द्या. उखाण्याशिवाय ह्यांचं नाव माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक. मी तोंडानंच सांगितलं. बाळकृष्ण रामचंद्र निपाणीकर. ऐकू आलं नाही म्हणाले, तेव्हा पुन्हा सांगितलं.