आमच्या घरची रोजगारवाढ

तीर्थरूप मामांस,

सविनय नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? परवा टीव्हीवर रोजगारवाढीचा वार्षिक दर सांगताना तुम्ही आकड्याआधी दोनदा खोकलात, तेव्हा आई म्हणाली, "दादाला लहानपणापासून थाप मारताना ढास लागते." मी तिला गप्प केलं. मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही साधा खोकला होऊ शकतो. मामींचे गुडघे बरे असतील अशी आशा. आम्ही खुशाल आहोत, निदान तुमच्या रोजगार मोजणाऱ्या कार्यालयाच्या मते तरी.

वर्षभरात काम करणारे शंभराला चार वाढले, असं तुम्ही म्हणालात. ते चार कोण, यावर आमच्या जिन्यात बरीच चर्चा झाली. मामा, त्यातला एक मी आहे. (हसू नका, ढास लागेल.) तुम्हाला ठाऊकच आहे, काचेच्या कारखान्यात सोळा वर्षं मी बाटल्या तपासत होतो. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या, तडा किंवा बुडबुडा दिसला की बाजूला काढायची. गेल्या वर्षी भट्टी दुरुस्तीला काढली, तेव्हा मालकांनी महिनाभरासाठी सगळ्यांची नावं पटावरून उडवली. नेमके तेव्हाच तुमचे मोजणीवाले आले आणि मला बेकार लिहून गेले. पुढच्या महिन्यात कामावर परत घेतलं आणि सहा महिन्यांनी कारखान्याला कायमचं कुलूप लागलं. म्हणजे माझी नोकरी तुमच्या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत पडली. तुम्हाला ना ती आल्याचा आनंद, ना गेल्याचं सुतक.

यंदा त्याच महिन्यात तुमच्या मोजणीच्या बाई आल्या. तोवर बायकोने शिंप्याकडून बटणं लावायचे शर्ट घरी आणायला सुरुवात केली होती आणि मी तिच्या हाताखाली बसत होतो. (सोळा वर्षांची खोड जात नाही. अर्धी बटणं मी तडा आहे म्हणून बाजूला काढतो. शिंपी म्हणतो, लोक शर्ट अंगात घालतात, उजेडात धरून बघत नाहीत.) बाईंनी विचारलं, गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंत का? मी खरं ते सांगितलं. पैसे मिळाले का? बायको नवऱ्याला मजुरी देते का, असं मी उलट विचारलं. त्यांनी लिहिलं, "घरच्या कामात बिनपगारी मदतनीस". मी काकुळतीला येऊन म्हटलं, बाई, मी बेकार आहे. "काका, तास भरला की माणूस कामावर," त्या म्हणाल्या, आणि मान खाली घातली.

तर गेल्या वर्षी आमच्या घरात कमावतं कुणी नाही, यंदा दोघं. आपल्या घराचा दर काढावा म्हणून बसलो, तर धाकटी म्हणाली, बाबा, शून्याने भागता येत नाही. आमची भरभराट गणिताच्याही आवाक्याबाहेर गेली आहे.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस आणि घरात बटणं निवडत बसणारा माणूस तुमच्या बेरजेत एकच. मला ते एक वाटत नाहीत. आता नजर कुठे लावावी तेच कळत नाही, म्हणून घरातले पेले उजेडात धरून बघत बसतो.

मामींना नमस्कार. औषध वेळेवर घ्या.

तुमचा भाचा

ता. क. : एवढं सगळं लिहायचं कारण असं, की मोजणीसाठी तुम्ही माणसं घेता म्हणे. माझी नजर पक्की आहे आणि जिने चढायला पाय धड आहेत. मला चिकटवता आलं तर पाहा. वरचं रागाचं वाक्य वाचलं नाही असं समजा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच त्या मोजणीच्या बाई आल्या. यावेळी हातात मोजणीचे कागद नव्हते. त्यांची मुदत संपली, नवीन कुणाला घेणार नाहीत म्हणे. बायकोकडे काम मागायला आल्या होत्या. हात चपळ आहे आणि त्या बटणांत खोट काढत नाहीत, म्हणून बायकोने माझा बटणांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. तेव्हा वरच्या विनंतीची तसदी घेऊ नका. पुढच्या मोजणीलाही इथे काम करणारी दोन माणसंच सापडतील, तुमचा दर हलणार नाही. दार मात्र मी उघडेन.