शालनच्या हातातली थरथर

११ मे १९८६
शालनच्या हातातली नळी बंद पडली. कुणापुढं बोलले तर घरात भांडण होईल, म्हणून लिहिते आहे.

डायलिसिससाठी उजव्या कोपराखाली कातडीच्या आत नळी बसवली आहे. बोट ठेवलं की रक्ताची थरथर लागते. तिचा नवरा हंबीरराव हळवा, म्हणून रोज सकाळी मीच बघते – थोरली बहीण. आज बोटाला काही लागलं नाही. कान लावला. काही नाही. आणि मनगटापासून वर नळीपर्यंत हिरवा चुडा, गच्च भरलेला. या हातात घड्याळसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डायलिसिससाठी डावा हात आधीच निकामी झालाय. हा एकच उरला आहे.

१२ मे
वाटलं होतं, सासूनं भरायला लावला. शालन म्हणाली, "त्यांनी न्हाई, आक्का. मीच हात पुढं केला. पुतणीच्या लग्नात एक हात भरलेला नि एक मोकळा – बायका काय म्हणत्याल?" वर बांगड्या भरणाऱ्या खैरुनबीला म्हणाली, घट्ट बसव. मग त्याच कुशीवर झोपली. आता भांडू कुणाशी?

नळीतली रक्ताची गाठ विरघळावी म्हणून औषध सोडलं. संध्याकाळी सुयांच्या जुन्या जागांतून रक्त येऊ लागलं. औषध थांबवलं.

१३ मे
छेद घेऊन बारीक रबरी नळी आत घातली. तिच्या टोकाला इवला फुगा – गाठीच्या पलीकडं नेऊन फुगवायचा आणि गाठ ओढून काढायची. डॉक्टरांनी ताटलीत दाखवली. काळपट, बोटभर. थरथर परत आली! लगेच डायलिसिस झालं.

व्हरांड्यात हंबीरराव म्हणाले, "आक्का, मुंबईच्या तपासणीत किडनी तुमचीच जुळतीया."
"ठाऊक आहे," म्हटलं.
उठून शालनचं पांघरूण नीट करायला आत गेले.

१५ मे
थरथर आहे.

१६ मे
आहे. उगाच सारखी बघत होते. शालन म्हणाली, "हात दे की माझा मला! शाळेतनं रिटायर झालीस नि आता माझी हजेरी घेतीस व्हय?"

१९ मे
खैरुनबी आली. गडमुडशिंगीहून मुद्दाम. टोपली खाली ठेवेना. "बाई, मला कुणी एक शब्द सांगिटला असता तर हात लावला असता का मी?" खरं आहे. चहा दिला. जाताना माझ्या मनगटाकडं बघून म्हणाली, "तुमचा हात मोकळा चालतोय व्हय?"
म्हटलं, माझ्या हाताकडं कुणी बघत नाही.

२३ मे
सकाळी मंद. दुपारी नाही.

२४ मे
पुन्हा उघडली. डॉक्टर म्हणाले, "पुढची शीरच अरुंद झालीय. फार तर अजून एकदा उघडेल. त्यानंतर नवी नळी बसवायला जागा नाही."

घरी येऊन अंगण झाडलं. घासलेली भांडी परत घासली. कपाट उपसलं, तसंच टाकलं. मला किडनी द्यायची भीती वाटते – एवढंच आहे.

१७ जून, मुंबई
सिस्टरच्या ताब्यात दिलं: चष्मा, घड्याळ, कानातल्या कुड्या. शालनच्या हातावर बोट ठेवून आले. थरथर आहे, अगदी मंद. उद्या सकाळी माझी डावी किडनी.